कुणालाही सुचलं असतं का? रेडिओ-संदेशवहनातल्या शोधाची पेटंटसाठी पारख

फर्मागुडीच्या किंवा कुंकळ्ळीच्या प्रयोगशाळेत बोर्ड चालू झाला, गेटवेच्या (रेडिओ-संदेश गोळा करणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर पहिला आकडा उमटला, की पेटंटची गोष्ट निघते. कुणीतरी गूगलवर धुंडाळतं, हुबेहूब तसं काही सापडत नाही, आणि अर्जाची तयारी सुरू होते. गफलत इथेच होते. हुबेहूब सापडलं नाही, म्हणजे शोध नवा आहे, एवढंच ठरलं. कायदा पुढचा प्रश्न विचारतो: आधीपासून माहीत असलेलं सगळं हाताशी असताना या क्षेत्रातल्या जाणकाराला हे आपसूक सुचलं असतं का? सुचलं असतं तर पेटंट नाही.

पेटंट कायदा, १९७० च्या कलम २(१)(जेए) मध्ये ‘इन्व्हेन्टिव्ह स्टेप’ची व्याख्या आहे. शोधात पूर्वीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि त्यामुळे तो जाणकाराला ऑब्व्हियस, म्हणजे आपसूक सुचणारा, नसावा. नवखे लोक ‘आर्थिक महत्त्व’ वाचून खूश होतात आणि ‘आणि’च्या पुढचं वाचतच नाहीत. बाजारात कितीही मागणी असली तरी तो दुसरा भाग सुटत नाही.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

चोडण-दिवाडीच्या खाजनांत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनींत, बांधावर मानस (पाण्याचं झडपदार) असते. भरतीला खाऱ्या पाण्याच्या रेट्याने तिची दारं मिटतात, सुकतीला आतलं पाणी बाहेर जातं. समजा, अशा मानशीवर पाण्याची पातळी मोजणारा, बॅटरीवर चालणारा नोड बसवला. तो ८६५ मेगाहर्ट्झवर लोराने (कमी विजेत दूर पोचणाऱ्या रेडिओ-पद्धतीने) संदेश पाठवतो. गेटवे ६०० मीटरवर, पलीकडच्या तीरावरच्या टेकडीवर, पाण्यापासून ३० मीटर उंच. तिथला यागी (एकाच दिशेला रोखलेला अँटेना) आधीच आडवा बसवलेला आहे, म्हणून नोडचा अँटेनाही आडवा.

तक्रार अशी, की रोज ठरावीक वेळी संदेश गळतात. लोक भरतीला दोष देतात, पण गणित वेगळं सांगतं. सरळ येणारी लहर आणि पाण्यावरून परावर्तित होऊन येणारी लहर यांच्या वाटांतला फरक काढायचा तर दोन्ही उंचींचा गुणाकार दुप्पट करून अंतराने भागायचं. सुकतीला नोडचा अँटेना पाण्यापासून साडेतीन मीटर वर असेल तर २ × ३.५ × ३० ÷ ६०० = ०.३५ मीटर. ८६५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३४.७ सेंटिमीटर, म्हणजे फरक जवळपास एक पूर्ण तरंग. आडव्या ध्रुवीकरणात (अँटेना आडवा असताना) परावर्तनाने लहरीची कला (फेज) उलटते, त्यामुळे दोन्ही लहरी एकमेकींना खातात. पाणी पावणेदोन मीटर चढलं की फरक अर्ध्या तरंगावर येतो आणि त्या एकमेकींना बळ देतात. गेटवेची उंचीही तेवढीच घटते, पण ३० मीटरांत ते किरकोळ. थोडक्यात, या जागी मार बसतो तो सुकतीला.

आपला ‘शोध’ असा: त्याच खांबावर पावणेदोन मीटर वर दुसरा अँटेना. पहिला खड्ड्यात (लहरी एकमेकींना खातात तिथे) असताना दुसरा शिखरावर (बळ देतात तिथे) असतो, आणि पहिला शिखरावर गेला की दुसरा खड्ड्यात. नोड आपल्याच पातळीमापकाचा आकडा वाचून, संदेश पाठवण्याआधीच, कुठल्या अँटेनातून पाठवायचं ते ठरवतो. पोच मागत नाही.

आता पारख करू.

१. तारीख गोठवा

सगळं मोजमाप प्रायॉरिटी डेटला, म्हणजे शोधाच्या अग्रक्रमाच्या तारखेला, होतं. प्रोव्हिजनल (तात्पुरता, पहिला) अर्ज केला असेल तर साधारणपणे तीच तारीख, पण त्या अर्जात जे खरोखर लिहिलंय तेवढ्यापुरतीच. प्रोव्हिजनलमध्ये एकच अँटेना असेल आणि दुसरा बारा महिन्यांच्या आत द्यायच्या पूर्ण तपशिलात आला, तर दुसऱ्या अँटेनाचा क्लेम (हक्काचा दावा) नंतरची तारीख घेतो. मधल्या काळात बाहेर आलेला एखादा शोधनिबंध मग तुमच्यावर उलटतो.

तारखेआधी जगात कुठेही, कुठल्याही भाषेत प्रसिद्ध झालेलं सगळं जमेला धरलं जातं, आणि भारतात उघडपणे वापरलेलंही. तुमचं स्वतःचंही. कॉलेजच्या टेक-फेस्टमध्ये पोस्टर लावलं, यूट्यूबवर डेमो टाकला, की तो पूर्वज्ञानात गेला. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधापुरती. टेक-फेस्ट त्यात सहसा बसत नाही. आधी अर्ज, मग पोस्टर.

एक बारकावा वकीलही कधीकधी विसरतात. तुमच्या आधी दाखल झालेला पण तुमच्या तारखेनंतर प्रसिद्ध झालेला भारतीय अर्ज नवेपणाविरुद्ध वापरता येतो, ऑब्व्हियसपणासाठी नाही. एफईआरमध्ये (पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण-अहवालात) असा कागद दुसऱ्या कागदाशी जोडलेला दिसला तर पहिली हरकत हीच घ्या.

२. तो ‘जाणकार’ कोण, ते लिहून काढा

हा काल्पनिक माणूस आहे. त्याने क्षेत्रातलं सगळं वाचलंय, डेटाशीट पाठ आहे, नेहमीचे प्रयोग करतो, पण कल्पकता बेताची. आपल्या उदाहरणात तो बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओ-नोडचा इंजिनियर. भरतीचं ज्ञान लागत असेल तर त्याच्या शेजारी बंदराचा सर्वेक्षकही बसवावा लागेल. जाणकार म्हणजे दोघांची जोडीही असू शकते. तुम्हाला सोयीचा असा अडाणी जाणकार उभा केलात तर परीक्षक एका परिच्छेदात तो मोडीत काढेल.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात याच माणसाची कसोटी लावली. प्रश्न धातूची भांडी घासून चकचकीत करताना लेथवर धरण्याच्या पद्धतीचा होता. समस्या समोर असलेल्या, पण शोध माहीत नसलेल्या सक्षम कारागिराच्या हाती जुना कागद दिला, तर तो ‘मला हवं ते यात आहे’ असं म्हणेल का? त्या पद्धतीला न्यायालयाने पेटंट टिकू दिलं नाही. भांड्यांचा खटला असला तरी दूरसंचाराच्या अर्जांत आजही तो उद्धृत होतो.

३. क्लेम तुकड्यांत फोडा

शोधाची नाही, क्लेमची परीक्षा होते. म्हणून क्लेमचं वाक्य घ्या आणि एकेका तुकड्याला अक्षर द्या:

क – पाण्याची पातळी मोजणारा मापक
ख – लोरा ट्रान्समीटर
ग – ठरावीक उभ्या अंतरावरचे दोन अँटेना
घ – मापकाच्या आकड्यावरून, संदेशाआधी, अँटेना निवडणारा नियंत्रक
च – ही निवड पोच न मागता होते

‘भरोसेमंद’, ‘कार्यक्षम’, ‘स्मार्ट’ असे शब्द कुठल्याच तुकड्यात बसत नाहीत, कारण ती यंत्राची अंगं नव्हेत. मसुद्यातून ते काढून टाका.

४. शोधाशोध

भारतीय अर्जांसाठी इनपास, बाहेरच्यांसाठी एस्पासनेट आणि पेटंटस्कोप. शब्दांवर विसंबू नका. एकाच गोष्टीला कुणी ‘टाइड गेज’ म्हणतं, कुणी ‘वॉटर लेव्हल टेलिमेट्री’. पेटंट-वर्गीकरणाच्या संकेतांनी शोधा: बिनतारी जाळ्यांसाठी एच०४डब्ल्यू, त्यात वीजबचतीसाठी ५२/०२ आणि सेन्सर-जाळ्यांसाठी ८४/१८, अनेक अँटेनांच्या डायव्हर्सिटीसाठी एच०४बी ७/०४ च्या आसपास, आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी जी०८बी २१/१०.

संदेशवहनात निम्मं पूर्वज्ञान पेटंटांच्या बाहेर असतं. थ्रीजीपीपीच्या (मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या) बैठकींत सादर झालेली तांत्रिक टिपणं, आयईटीएफची आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचे कागद), लोरावॅनचं (लोराच्या जाळ्यांच्या नियमांचं) विनिर्देशपत्र, चिप कंपन्यांच्या अॅप्लिकेशन नोट्स. थ्रीजीपीपीच्या टिपणावर बैठकीची तारीख छापलेली असते, पण प्रसिद्धीसाठी फाइल सर्व्हरवर कधी चढली ते पाहतात. डेटाशीटच्या आवृत्त्या बदलतात. तुम्ही आज वाचता ती तुमच्या तारखेनंतरची असू शकते.

कधीकधी शोध इथेच संपतो, आणि ते बरंच असतं. समजा कुणी म्हणालं, ‘पातळी स्थिर असेल तर नोड कमी बोलेल, बदलायला लागली की भराभर बोलेल.’ मार्च २०११ च्या आरएफसी ६२०६ मध्ये ट्रिकल नावाची रीत आहे: जाळ्यात सगळं जुळत असेल तर मध्यांतर दुप्पट-दुप्पट करत जा, बिनसलं की लगेच कमी करा. ठरावीक फरक पडला तरच संदेश पाठवायची पद्धतही सेन्सर-जाळ्यांत जुनी आहे. ट्रिकल जाळ्यातल्या माहितीचा मेळ राखण्यासाठी आहे आणि आपण पाण्याबद्दल बोलतोय, या फरकावर अर्ज उभा राहणार नाही.

५. सर्वात जवळचा कागद, आणि फरकाचा तक्ता

समजा दोन कागद हाती लागले. पहिला: बॅटरीवरचा पातळी-नोड, एक अँटेना, पोच मागतो, न आल्यास स्प्रेडिंग फॅक्टर (तो वाढला की संदेश सावकाश जातो, पण क्षीण असला तरी पकडता येतो) वाढवून पुन्हा पाठवतो. क, ख आहेत. ग, घ, च नाहीत. दुसरा: पाण्यावरून जाणाऱ्या मायक्रोवेव्ह दुव्यांचं पाठ्यपुस्तक. भरती-सुकतीने परावर्तन बदलतं म्हणून वर-खाली दोन अँटेना ठेवायचे, ही स्पेस डायव्हर्सिटी दूरसंचाराच्या विद्यार्थ्याला शिकवलीच जाते. म्हणजे ग आला. पण तिथे निवड ग्रहण करणाऱ्या टोकाला, सिग्नल पडल्यावर होते, आणि ते टोक सतत विजेवर चालतं.

उरले घ आणि च. आपली सगळी भिस्त आता या दोन तुकड्यांवर. तुमचा तक्ताही असाच शेवटी एक-दोन ओळींवर यायला हवा. पाच-सहा ओळी उरत असतील तर जवळचा कागद अजून सापडलेला नाही.

६. समस्या मांडताना उत्तर लपवू नका

उरलेल्या फरकाने तांत्रिकदृष्ट्या काय साधलं ते पाहून समस्या लिहायची. ‘पातळीमापकाचा उपयोग करून अँटेना कसा निवडावा?’ हा प्रश्न चुकीचा, कारण उत्तर त्यातच आहे. ‘वरखाली होणाऱ्या पाण्यावरून जाणाऱ्या दुव्यात, बॅटरी न खाता संदेशांची गळती कशी कमी करावी?’ हा बरोबर. परीक्षकही पहिल्या प्रकारची समस्या लिहितो. पकडा.

७. ‘करू शकला असता’ आणि ‘केलं असतं’

सगळा वाद या दोन क्रियापदांत आहे. जाणकार दुसरा अँटेना लावून प्रोसेसरला सूत्र शिकवू शकला असता, यात शंका नाही. त्याने तसं केलं असतं का, तिकडे वळवणारं काही त्याच्यासमोर होतं का, हे पाहायचं. दोन्ही बाजूंनी भांडून बघा, आणि विरोधकाच्या बाजूने आधी.

विरोधक म्हणेल: दोन लहरींचं सूत्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्यात बदलणारी एकच राशी, पाण्यापासूनची उंची. ती मोजणारा मापक नोडमध्येच आहे, हिशेब करणारा प्रोसेसर शेजारी. मग आणखी कशाने निवडणार? हा युक्तिवाद जबरदस्त आहे, आणि घ एवढाच क्लेम असेल तर आमच्या मते तो टिकणं कठीण.

तुमची बाजू अशी. जाणकाराने आधी नेहमीच्या वाटा धरल्या असत्या, आणि त्या इथे का फसतात ते आकड्यांत दाखवता येतं. चॅनेल बदलला तर? भारतातल्या लोरावॅनचे तीन ठरलेले चॅनेल ८६५.०६२५ ते ८६५.९८५ मेगाहर्ट्झमध्ये आहेत. एवढ्या फरकाने खड्डा चार मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. पुन्हा पाठवलं तर? पावणेदोन मीटर पाणी सहा तासांत चढतं असं धरलं तर मिनिटाला जेमतेम पाच मिलिमीटर; काही सेकंदांनी पाठवलेला संदेश त्याच खड्ड्यात पडतो. स्प्रेडिंग फॅक्टर ७ वरून १२ वर नेला तर साडेबारा डेसिबल मिळतात, पण प्रत्येक पायरीला हवेतला वेळ जवळपास दुप्पट होतो, आणि त्याहून खोल असलेला पट्टा पूर्ण परावर्तन धरता सुमारे पाव मीटर रुंद आहे. सुकतीच्या वळणावर पाणी मंदावतं तेव्हा त्यातून बाहेर पडायला तासभर सहज लागतो. पहिला कागद जाणकाराला नेमका याच फसणाऱ्या वाटेवर नेतो.

‘अँटेना उभा का नाही केला?’ असा प्रश्न सुनावणीत येईलच. उभ्या ध्रुवीकरणात, तीन-साडेतीन अंशांच्या या कोनात खाऱ्या पाण्यावरचं परावर्तन बरंच क्षीण होतं, हे खरं आहे. त्यातून दोन्ही टोकं निघतात. सोपी वाट असताना जाणकार तुमच्या वाटेला आलाच नसता, असं तुम्ही म्हणू शकता. पण मग तुमच्या वाटेने प्रगती काय झाली, असं समोरचा म्हणू शकतो. उत्तर आधीच तयार ठेवा: गेटवे दुसऱ्यांचा आहे, त्याचं ध्रुवीकरण नोडच्या हाती नाही.

क्लेम कणखर करायचा तर सूत्र कुठे तुटतं ते पाहा. सुकतीला मानशीसमोर पाणी नसतंच, चिखल उघडा पडतो, बाजूला खारफुटी असते. चिखल सपाट पाण्यासारखा परावर्तित करत नाही आणि पाठ्यपुस्तकाचं सूत्र चुकीचा अँटेना निवडतं. मग नोडने सूत्र सोडून शिकावं: क्लास ए (लोरावॅनचा सर्वात कमी वीज खाणारा प्रकार) नोड संदेशानंतर ऐकण्यासाठी दोन खिडक्या उघडतो, अधूनमधून मागितलेल्या उत्तराची ताकद, तेव्हाची पातळी आणि अँटेना अशी नोंद ठेवत, एका उधाणापासून (मोठ्या भरतीपासून) पुढच्या उधाणापर्यंतचा पंधरवडा पुरा झाला की पातळीनुसार निवडीचा तक्ता बनवायचा. आता दोन कागद जोडूनही हे मिळत नाही. आणि पाठ्यपुस्तकाचं सूत्र जाणकाराला उलट्या दिशेने ढकलतं. असा उलट ढकलणारा कागद सापडला तर जपून ठेवा.

८. व्यवहाराचे नियम वजनात धरू नका

‘पातळी वाढली की आधी पंचायतीला, मग कुळांना संदेश’ हा क्रम कितीही उपयोगी असला तरी तांत्रिक नव्हे. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने २००२ मध्ये कॉमविक प्रकरणात (टी ६४१/००) हेच सांगितलं. तिथे जीएसएमच्या एका सिमवर दोन ओळखी होत्या, कामाचं आणि घरचं बिल वेगळं करण्यासाठी. बिल वाटून घेण्याची इच्छा अतांत्रिक. ती समस्येत अट म्हणून घ्यायची, इन्व्हेन्टिव्ह स्टेपच्या पारड्यात टाकायची नाही. भारतात ते बंधनकारक नाही. आपल्याकडे कलम ३(के) चा (व्यवहाराच्या पद्धती, नुसते संगणक-प्रोग्रॅम वगैरेंना पेटंट नाही) वेगळा आक्षेप येतो, पण दोन्हींना उत्तर देताना तोच तांत्रिक परिणाम कामी येतो.

९. एफईआर आल्यावर

गोव्यातल्या अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. एफईआर निघाल्यापासून उत्तराला सहा महिने, फॉर्म ४ भरून आणखी तीन. मुदत चुकली की अर्ज सोडून दिला असं धरतात.

उत्तराचा सांगाडा रोश विरुद्ध सिप्ला (दिल्ली उच्च न्यायालय, २०१५) मधल्या पाच पायऱ्यांवर बेतला तर कंट्रोलरला (अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला) वाचायला सोपं जातं: जाणकार कोण, शोधाचा गाभा काय, त्या तारखेचं सामान्य ज्ञान किती, फरक कोणते, आणि उत्तर माहीत असल्याचा चष्मा काढून पाहिलं तर ते फरक ऑब्व्हियस होते का. वरच्या पायऱ्या त्याच आहेत. ‘पहिला कागद आणि दुसरा कागद पाहता ऑब्व्हियस’ एवढंच लिहून अर्ज नाकारला असेल तर अॅग्रिबोर्ड (दिल्ली उच्च न्यायालय, २०२२) दाखवा: पूर्वज्ञान काय, अर्जातला शोध काय, आणि जाणकार एकाकडून दुसऱ्याकडे कसा पोचला असता, या तिन्ही गोष्टींची चर्चा आदेशात हवी. त्याच वर्षीच्या एव्हरी डेनिसन निकालाने, शोध साधा आहे म्हणून तो ऑब्व्हियस ठरत नाही, असं म्हटलं. साध्या सर्किटवाल्यांना तो उपयोगी पडतो.

शब्दांपेक्षा मोजमाप बोलतं. एक अँटेना, सूत्राने निवड आणि शिकून निवड, अशा तिन्ही तऱ्हांनी पूर्ण पंधरवडा पाठवलेले संदेश, पोचलेले संदेश आणि खर्च झालेले मिलिअॅम्पिअर-तास एकाच तक्त्यात द्या. तिन्हींत खांब तोच, बॅटरी त्याच बनावटीची. खप किंवा बक्षिसं मागे ठेवा. खपाची कारणं शंभर असतात.

नकार आला तर कलम ११७ए खाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील. आयपीएबी (पूर्वी ही अपिलं ऐकणारं मंडळ) २०२१ मध्ये बंद झाल्यापासून वाट तीच.

क्लेम आकसवायचा तर कलम ५९ ची चौकट सांभाळावी लागते. मूळ तपशिलात नसलेलं काहीही नंतर घुसडता येत नाही. चिखलाचा पट्टा, पंधरवड्याचं शिकणं, पावणेदोन मीटरचा हिशेब, कुठल्या पातळीला सूत्र चुकलं त्याची नोंद, हे सगळं पहिल्याच दिवशी, प्रोव्हिजनलमध्ये, आकड्यांसकट लिहून ठेवा. तेव्हा ते फालतू तपशील वाटतील. एफईआर आल्यावर नेमका त्यातलाच एखादा लागतो.